आडनाव गेलं, पत्ता राहिला

(शोळिंगनल्लूर येथे नोकरी करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींसमोर केलेले भाषण)



चेन्नईला पहिल्यांदा आले तेव्हा एका गोष्टीने मी फार सुखावले. इथे कुणी आडनाव विचारत नाही. आमच्या मराठवाड्यात नुसतं नाव सांगून भागत नाही. 'पूर्ण नाव?' हा प्रश्न येतोच, आणि आडनाव कळलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. तो चेहरा तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

इथलं हे सुख आयतं आलेलं नाही. फेब्रुवारी 1929 मध्ये चेंगलपट्टूला पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीची प्रांतिक परिषद भरली. जातिवाचक उपनामं टाकून देण्याचा ठराव तिथे झाला. आज आपण बसलोय ते शोळिंगनल्लूर तेव्हा त्याच जिल्ह्यातलं खेडं होतं.

मग जात गेली का? माझं संशोधन या प्रश्नापासून सुरू झालं.

तुम्ही रोज ज्या ओएमआरवरून कामाला जाता, त्या रस्त्यावर 2000 साली दोन गोष्टी सुरू झाल्या. तरमणीला टायडेल पार्क उभं राहिलं आणि तोरैपाक्कमला कण्णगी नगर वसू लागलं. पुढे सेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कमच्या वसाहती झाल्या. कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठावरून, शहरातल्या झोपडपट्ट्यांतून उठवलेली हजारो कुटुंबं इथे आणली गेली. त्यांत बहुसंख्य दलित. 2015च्या पुरानंतर आणखी कुटुंबं पेरुंबाक्कमला आली, आणि ते पेरुंबाक्कमही पळ्ळिकरणै दलदलीच्या कडेलाच आहे. घर मिळालं, पण शहरातली धुणीभांडी, बाजारातली हमाली, मुलांच्या शाळा वीस-पंचवीस किलोमीटर मागे राहिल्या. मग याच रस्त्यावरच्या इमारतींत सफाई, पहारा, कँटीन अशी कंत्राटी कामं त्यांच्या वाट्याला आली.

पेरुंबाक्कमची एक मुलगी मला भेटली. बी.कॉम. झालेली, घरातली पहिली पदवीधर. म्हणाली, "अक्का, बायोडेटावर मी शोळिंगनल्लूर लिहिते. पेरुंबाक्कम लिहिलं की 'कळवतो' म्हणतात, आणि कधीच कळवत नाहीत." तिची आई अशाच एका ऑफिसात फरशी पुसते. आईला कामावर घेताना पत्ता आड आला नव्हता.

म्हणजे झाडूसाठी तोच पत्ता चालतो, खुर्चीसाठी चालत नाही.

आपल्याला हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. बाबासाहेबांनी 1928च्या संपात हा प्रश्न लावून धरला. जात म्हणजे नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी 1936 साली लिहिलं. गिरणीत ती उघड बोलली जायची. इथे ती 'एरिया चांगला नाही' या तीन शब्दांत बोलली जाते.

आता आपल्याबद्दल. आपल्या आईवडिलांनी वस्तीत राहून आपल्याला शिकवलं. आज आपल्यातले काही जण मुलाखती घेतात, फ्लॅटमध्ये कामाला बाई ठेवतात. तेव्हा 'कुठे राहता?' हा प्रश्न आपण कशासाठी विचारतो? बस मिळेल की नाही यासाठी, की त्या चेहऱ्यासाठी? गावाकडे जो प्रश्न आपल्याला टोचला, तो इथे आपल्या तोंडी येऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये बहरीनला आशियाई युवा क्रीडा स्पर्धेत भारताच्या मुलींनी कबड्डीचं सुवर्णपदक जिंकलं. त्या संघातल्या कार्तिकाला आज सगळे 'कण्णगी नगर कार्तिका' म्हणून ओळखतात. जो पत्ता इतरांना लपवावा लागतो, तो तिने नावापुढे लावला. पण बायोडेटावर खरा पत्ता लिहायला प्रत्येक मुलीला सुवर्णपदक का लागावं?

जय भीम.