आधी बेल वाजवा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात माजी सचिवांनी केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, असा मला आग्रह झाला. संस्था कशी उभी राहिली, पहिला गणपती कसा बसवला, हे या स्मरणिकेत इतरांनी लिहिलेलंच आहे. मी माझी एक चूक सांगणार आहे.

आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला तेव्हा मी सचिव होतो, म्हणून ॲडमिनही मीच. नियम दोनच होते. संस्थेच्या कामापुरतं बोलायचं आणि खात्री नसलेलं काही पुढे पाठवायचं नाही. २०१८ चा जून महिना आठवतो का? मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. एका रात्री बी विंगमधल्या आजोबांनी तसलाच मेसेज ग्रुपवर टाकला, सोबत कुणातरी अनोळखी माणसांचे फोटो. मी आदल्याच आठवड्यात सगळ्यांना बजावलं होतं. शिवाय मनात भीती होती. काही झालं तर आधी ॲडमिनलाच उचलतात, असं जो तो सांगत होता. ‘हे मुद्दाम करतात,’ असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि अंगठ्याने त्यांना ग्रुपमधून काढलं. पाच सेकंदही लागले नाहीत.

पुढच्याच रविवारी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे काय घडलं, ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत फिरत तिथे गेले होते. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारे हेच, असा लोकांना संशय आला आणि जमावाने पाचही जणांना ठार मारलं. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण पाच घरांतले कर्ते पुरुष तोवर गेले होते.

त्या आठवड्यात संस्थेतले लोक मला म्हणाले, “साहेब, तुम्ही बरोबर केलंत.” मलाही बरं वाटलं. मेसेज थांबवायलाच हवा होता, यात आजही मला शंका नाही.

मग आठ-दहा दिवसांनी बायको म्हणाली, “बी विंगमधल्या आजी शेजारच्यांकडून कळशीने पाणी नेतायत.” आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. वरच्या टाकीचं पाणी कधी सोडणार, हे मी ग्रुपवरच टाकत होतो. त्या आठवड्यात वेळ बदलली होती. ग्रुपवर नसलेल्या घराला ते कळणार कसं? फळ्यावर लिहायचं मी केव्हाच बंद केलं होतं.

मी गेलो, बेल वाजवली. आजोबांनी दार उघडलं. “या की, सेक्रेटरीसाहेब.” आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. म्हणाले, “नात क्लासहून रात्री एकटी येते ओ. खरं का खोटं, मला कळंना. सगळ्यांनी लक्ष ठेवावं म्हणून टाकलं. तुम्ही एकदा विचारायचं होतं की.”

मित्रहो, त्या पाच जीवांची आणि माझ्या त्या पाच सेकंदांची तुलना होऊच शकत नाही. पण घरी येताना एक गोष्ट मनातून जाईना. राईनपाड्यातही त्या माणसांच्या मनात काय आहे, हे लोकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आणि ज्या मेसेजमुळे माणसं अशी न विचारता ठरवायला लागली, तो मेसेज थांबवताना मीही तेच केलं होतं.

आपण सहकारी संस्था आहोत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३५ काय सांगतं? सभासदाला संस्थेतून काढायचं तर त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, हजर मतदारांपैकी तीन-चतुर्थांश मतं लागतात, त्या सभासदाला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि वर निबंधकांची मान्यताही घ्यावी लागते. ग्रुप म्हणजे काही संस्था नव्हे, हे मला कळतं. पण माणूस तोच, जिनाही तोच.

ॲडमिनच्या भीतीबद्दलही सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही. दोघांचा हेतू एक होता, हे दाखवावं लागतं. म्हणजे न्यायालयसुद्धा हेतू गृहीत धरत नाही, पुरावा मागतं. आणि आपण फोटो, नाव आणि वेळ बघून एका नजरेत निकाल देतो.

त्यानंतर आपण पद्धत बदलली. चुकीचा मेसेज लगेच थांबवायचा, त्यात नातंगोतं बघायचं नाही. आता ॲडमिनला तो काढताही येतो. पण माणसाबद्दल मत बनवायच्या आधी त्याच दिवशी दार गाठायचं आणि विचारायचं, “हे कशासाठी टाकलंत?” पुन्हा तसंच झालं तर समितीसमोर त्याचं ऐकून घ्यायचं. काढायचंच ठरलं तर कारण आणि मुदत दोन्ही सांगायचं. पाण्याची सूचना मात्र फळ्यावर लागणारच, ग्रुपवर असो वा नसो.

सगळेच आजोबांसारखे निघाले, असं मी म्हणणार नाही. दोन समाजांत काडी लावणारे मेसेज टाकणाऱ्या एका गृहस्थांकडे आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ते हसून म्हणाले, “जरा मजा येते.” त्यांना सहा महिने ग्रुपबाहेर ठेवलं. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, कारण या वेळी आम्ही विचारलं होतं.

आजोबा आज आपल्यात नाहीत. मी त्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं, त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पण त्यानंतर त्यांनी ग्रुपवर एक अक्षर टाकलं नाही. माझी चूक भरून आली, असं म्हणूनच मला म्हणता येत नाही.

नवीन समितीच्या तरुण ॲडमिनना माझं एवढंच सांगणं आहे. दूरच्या शहरातल्या ग्रुपांना ही सोय नाही, आपल्याला आहे. ज्याच्यावर राग आलाय तो माणूस दोन मजले वर राहतो. अंगठा उचलण्याआधी जिना चढा.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय सहकार!