साभार परत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कासुर्डी येथे केलेले भाषण)



आपल्या तरुणांनी कथा लिहून त्या मासिकांकडे व स्पर्धांकडे कशा पाठवाव्यात, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी जुना मॅट्रिक, प्राथमिक शाळेतला शिक्षक. माझ्या नावावर एकही पुस्तक नाही. मात्र 'साभार परत' असा शेरा घेऊन आलेली पाकिटे माझ्या संग्रही पुष्कळ आहेत. त्यांनी मला जे शिकविले तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

मराठी कथा मासिकांच्या अंगणात वाढली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले व स्फुट गोष्टीस हक्काची जागा दिली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' काढले आणि १९०९ साली त्याचाच दिवाळी अंक प्रसिद्ध करून एक परंपरा घालून दिली. पुढे १९३३ पासून १९८२ पर्यंत 'सत्यकथा' चालली. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे तिचे संपादक लेखकांना पत्रे लिहीत, कथेतील उणिवा दाखवीत आणि पुनर्लेखन करावयास लावीत. अशा रीतीने परत आलेली कथा मेलेली नसे. ती दुरुस्तीसाठी माहेरी आलेली असे.

स्पर्धांनाही कोणी हलके लेखू नये. बंगालमध्ये 'कुंतलीन' नावाचे केशतेल करणाऱ्या हेमेंद्रमोहन बोस यांनी कथांसाठी पारितोषिक ठेवले होते. अट अशी की, त्या तेलाचा उल्लेख कथेत ओघाने यावा, पण ती जाहिरात वाटू नये! शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'मंदिर' ही कथा १९०३ साली त्या पारितोषिकास पात्र ठरली; पण ती त्यांनी पाठविली होती आपले मामा सुरेंद्रनाथ यांच्या नावाने. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून ज्या शरदबाबूंनी महाराष्ट्रास रडविले, त्यांचा आरंभही असा एका स्पर्धेच्या पाकिटातून झाला.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगावी म्हणूनच मी आज येथे उभा राहिलो आहे.

पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील गुऱ्हाळावर गुळवे होते. त्याने गुऱ्हाळावरच्या एका रात्रीची गोष्ट लिहून मला दाखविली. काहिलीतला रस उकळतो आहे, चुलवणात पाचट पडते आहे, वडिलांना झोप येते आहे, आणि काहील वेळेवर उतरली नाही तर मालकाचा गूळ बिघडेल म्हणून पोरगा रात्रभर बापाला जागे ठेवतो. एवढीच ती गोष्ट. वाचून मला आनंद झाला. मी लाल शाई घेतली. 'काहिली'ची 'कढई' केली, 'चुलवणा'ची 'भट्टी' केली. बापलेकांचे बोलणे शुद्ध करून पुस्तकी केले. शेवटी परिश्रमाचे महत्त्व सांगणारा परिच्छेद पदरचा जोडला. स्वच्छ प्रत काढून ती एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेस पाठविली, आणि मूळ कागद फाडून टाकला. पक्की प्रत तयार झाल्यावर कच्ची ठेवावी कशाला?

कथा परत आली. तीवर एकच ओळ होती : 'विषय चांगला, भाषा मुलाची वाटत नाही.' संपादकाने मुलास नापास केले नव्हते, मला केले होते. परंतु ती ओळ त्या मुलास समजावून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याने पुन्हा काही लिहिले नाही. काही वर्षांपूर्वी तो यवतच्या बाजारात भेटला. वडील वारले होते. तो म्हणाला, "गुरुजी, तो माझा पहिला कागद आहे का हो तुमच्याकडे? दादांचं बोलणं त्यात जसंच्या तसं होतं." मजजवळ उत्तर नव्हते.

बंधुभगिनींनो, व्यंकटेश माडगूळकरांनी मॅट्रिकची परीक्षाही दिली नव्हती. त्यांनी माणदेशची माणसे माणदेशच्याच बोलीत बोलू दिली, आणि १९४९ साली निघालेले 'माणदेशी माणसं' आजही वाचले जाते. आपल्या भीमाकाठच्या बोलीलाही तोच मान आहे. तिला लाल शाई लावणारे माझ्यासारखे हितचिंतक फार. त्यांच्यापासून सावध असा.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. मासिकाचे दोनतीन अंक वाचल्यावाचून त्याला कथा पाठवू नये. दिवाळी अंकासाठीचे लेखन पावसाळ्याच्या आरंभीच गेले पाहिजे. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. स्पर्धेत हस्तलिखितावर नाव घालू नये असा नियम असल्यास तो कसोशीने पाळावा. आता पुष्कळ संपादक युनिकोडमध्ये टंकलेली कथा ई-मेलने मागवितात; तरीही पहिला खर्डा, खाडाखोडीसह, घरी जपून ठेवावा.

अटी वाचल्यावाचून सही करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये कथेवरचा हक्क लेखकाचा असतो. तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर करार लेखी व सहीनिशी हवा, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. 'कथा छापतो, पण वीस प्रती विकत घ्या' असे कोणी म्हणेल, तर तो संपादक नसून दुकानदार आहे हे ओळखावे.

शेवटी मंडळास एक विनंती. या स्मरणिकेत दरवर्षी एका शाळकरी मुलाची वा मुलीची कथा छापावी, आणि ती त्यांच्याच शब्दांत छापावी. ज्या कथा घेता येणार नाहीत त्या नुसत्या परत न करता, का घेतल्या नाहीत ते दोन ओळींत लिहून कळवावे. ते काम कोणी पत्करीत नसेल तर मी पत्करतो. लाल शाईची दौत मी घरातून केव्हाच काढून टाकली आहे.