भोगीची भाजी आणि उपटलेला हरभरा

आजचा एपिसोड हातात कापडी पिशवी घेऊन ऐकायचाय.

गेल्या वर्षी भोगीची भाजी मी ॲपवरून मागवली. गाजर, वांगी, मटार, घेवडा, सगळं आलं. हरभऱ्याचे घाटे मात्र नव्हतेच. आजीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मग भोगी कसली? मिक्स व्हेज केलीस तू!"

म्हणून यंदा आदल्या रविवारी सकाळी सातलाच पुण्यातला आमच्या भागातला शेतकरी बाजार गाठला. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यामुळे शेतकऱ्याला असा थेट माल विकणं सोपं झालं.

आता एक खूण सांगते. ज्याच्याकडे सफरचंदापासून केळ्यापर्यंत सगळं आहे, त्यानं माल बहुतेक मार्केट यार्डातून उचललाय. ज्याच्यापुढे चार-पाचच वस्तू आहेत आणि मुळांना माती आहे, तिथे थांबा.

मी थांबले एका काकूंपाशी. तुरीच्या शेंगा, चाकवत, पावटा आणि हरभऱ्याच्या जुड्या. जुडी तीस रुपये. मी सवयीनं म्हटलं, "वीसला द्या ना."

काकू चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, हा रानात अजून महिनाभर राहिला असता, तर वाळून पोत्यात गेला असता. घरात पैसा लागत होता, म्हणून हिरवाच उपटला."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. हुरडा म्हणजे न झालेली ज्वारी. तुरीच्या शेंगा म्हणजे न झालेली डाळ. थंडीत आपण जे कौतुकानं ओलं खातो, ते कुणीतरी धान्य होण्याआधी मोडलेलं पीक असतं. त्या तीस रुपयांत ते धान्यही आलं, आणि पहाटे थंडीत उपटायची मजुरीही.

तीस दिले. दोन जुड्या घेतल्या.

आणि हो, मटार, हुरडा त्याच दिवशी संपवा. मटार तोडला की त्यातली साखर कमी होत जाते आणि दाणा पिठूळ लागतो. म्हणून भाव विचारण्याआधी विचारा, "कधी तोडलंय?"

घरी घाटे सोलताना बोटं आंबट झाली. तीळकूट घालून भाजी केली, बाजरीची भाकरी केली, आजीला फोटो पाठवला. लगेच फोन आला, "घाटे एवढेच?"

या रविवारी जाऊन या. सुटे पैसे ठेवा. आणि काय मिळालं ते मला व्हॉइस नोटवर सांगा!