जुना संगणक : सुधारावा कीं बदलावा ?



कापसाचे पैसे हातीं आले कीं घरोघरीं ज्या खर्चांची चर्चा सुरू होते, त्यांत हल्लीं संगणकाची भर पडली आहे. देवळीकडील एखादें घर डोळ्यांपुढें आणा. २०१४ च्या सुमारास घेतलेला टेबलावरील संगणक. मुलीनें त्रिमिती चित्रांचें शिक्षण घेण्यास आरंभ केलेला. आणि पडद्यावर चित्र फिरवूं लागतांच यंत्र अडखळतें. दुकानदार म्हणतो, पडद्यावरील चित्र रेखणारें स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवा. शेजारी म्हणतो, यंत्रच नवें घ्या. पुढील पेरणीचें बीं-खतही त्याच पैशांतून यावयाचें असतें.

माझें म्हणणें असें कीं, पैसा बाहेर काढण्यापूर्वीं अडखळतें तें काय, हें शोधावें. त्यास कांहींच खर्च नाहीं. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडा ठेवून मुलीनें आपलें नेहमींचें काम करावें. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल व रॅम भरून गेलेली असेल, तर नव्या कार्डानें फारसा फरक पडणार नाहीं, तेथें एस.एस.डी. आणि अधिक रॅम हवी. प्रोसेसरच पूर्ण राबत असेल, तर भारी कार्ड त्याच्या तोंडाकडे पाहत बसेल. हे सर्व निवांत असूनही चित्र अडखळत असेल, तरच संशय ग्राफिक्सवर घ्यावा. त्याहीपूर्वीं पेटी उघडून ब्रशानें स्वच्छ करावी. आपल्याकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि हिंगणघाट-पुलगांवच्या जिनांजवळील घरांत रुईचे तंतू पंख्यांत अडकून बसतात. तापलेला प्रोसेसर आपण होऊन मंद होतो.

कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या खांचेंतही बसतें, गति मात्र जुन्या खांचेची मिळते. इंटेलचीं आर्क कार्डें मात्र अशा यंत्रास घेऊं नयेत. त्यांना लागणारी रिसायझेबल बार ही सोय जुन्या मदरबोर्डांत बहुधा नसते. खरी अडचण विजेची. खांचेंतून कार्डास फार तर ७५ वॅट मिळतात. त्याहून भुकेल्या कार्डास पॉवर सप्लायमधून वेगळी तार लागते, आणि स्वस्त पॉवर सप्लायवर छापलेला आंकडा विश्वासार्ह नसतो. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें वर्ध्यास मगनवाडींत बैलघाणी मोडींत न काढतां ती सुधारली. परंतु घाणी कितीही सुधारली तरी ती बैलाच्या ताकदीपलीकडे फिरत नाहीं. येथें तो बैल म्हणजे पॉवर सप्लाय. मांडीवरच्या लॅपटॉपाविषयीं हा विचारच नको, त्यांत ग्राफिक्सचा भाग बहुधा कायमचा जोडलेला असतो.

विंडोज १० ची नेहमींची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतें आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१४ चें यंत्र त्या नियमांत बसत नाहीं. लिनक्स त्यावर चालेल, ब्लेंडर व क्रिता हीं चित्रांचीं साधनें लिनक्सवरही मिळतात. मात्र महाविद्यालयाचें साधन केवळ विंडोजवर चालणारें असेल, तर कार्डाचा विचार सोडून नवें यंत्र घ्यावें. नव्या प्रोसेसरांपैकीं पुष्कळांत शिकाऊ कामापुरतें ग्राफिक्स आंतच असतें.

कार्डच दोषी ठरलें आणि लिनक्स चालणार असेल, तर मी जुनें यंत्र ठेवीन. एस.एस.डी. व वेगळी तार न मागणारें कार्ड नवें घ्यावें, कारण हीं दोन्हीं पुढील यंत्रांत नेतां येतात. त्या काळची रॅम बहुधा डीडीआर ३ जातीची. ती नव्या मदरबोर्डावर बसत नाहीं, म्हणून ती जुन्या बाजारांतलीच घ्यावी. आणि कार्ड आपल्याच यंत्रांत चालवून पाहिल्यावांचून दुकानदारास सारे पैसे देऊं नयेत. ही परीक्षा उन्हाळ्यांत भर दुपारीं, पंखा बंद करून, मुलीच्याच कामावर तासभर घ्यावी.