अपंग मुलांचे शिक्षण आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



नुकताच येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला. एक जुना शिक्षक या नात्याने मला त्याचा मनापासून आनंद आहे. परंतु जी मुले या व्यासपीठावर कधीच येत नाहीत, किंबहुना संमेलनालाच आणली जात नाहीत, त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. कोणी अंध, कोणी कर्णबधिर, कोणाची बौद्धिक वाढ मंद. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसविले जाते आणि थोरल्या बहिणीचे लग्न जमेपर्यंत त्यांचे नावही कोणी काढीत नाही.

यात आईबापांचे काळीज दगडाचे असते असे नाही. त्यांना धास्ती असते ती सोयरिकीची. आणि ती आपणच, सोयऱ्याधायऱ्यांनी, त्यांच्या मनात घातली आहे. वास्तविक जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, तान्हेपणी मेंदूज्वर होणे अशा कारणांनी आलेल्या अपंगत्वाचा कुळाशी काडीचाही संबंध नसतो. जे आनुवंशिक असते, त्यातही कोणाचे पाप नसते. त्याविषयी विचारावयाचे ते डॉक्टरांना, गावाला नव्हे.

या लपवाछपवीत मुलाचे होणारे नुकसान पुढे सहजी भरून निघत नाही. कर्णबधिर मुलाचेच पाहा. भाषा आत्मसात करण्याची मोलाची वर्षे म्हणजे आयुष्यातील पहिली काही वर्षे. त्या काळात श्रवणयंत्र, वाचा-उपचार किंवा खुणांची भाषा मिळाली, तर ते मूल इतरांप्रमाणे शिकू शकते. ‘मोठा झाला की बोलेल’ म्हणून त्याला घरी ठेवले, तर नुसती वाचाच नव्हे, विचाराचे साधनच त्याच्या हातून निसटू लागते.

विशेष शिक्षणात विद्या वेगळी नसते; तिच्याकडे जाण्याची वाट वेगळी असते. लुई ब्रेल या दृष्टिहीन फ्रेंच मुलाने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा उठावदार टिंबांची लिपी सिद्ध केली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल निश्चित झाली, आणि आज मराठी पुस्तक बोटांनी वाचता येते. बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलाला सदऱ्याची बटणे लावावयास शिकविण्याची एक रीत पाहा. आधीची सर्व बटणे शिक्षक लावतो आणि फक्त शेवटचे मुलाकडून लावून घेतो. काम पुरे केल्याचे समाधान मुलाला आरंभापासूनच मिळते. मग शेवटची दोन, मग तीन. काही मुलांची तोंडी उत्तरे चोख असतात, पण लिहिता-वाचताना अक्षरे दगा देतात. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. अशा मुलाची बुद्धी कमी नसते. तरी ‘ढ’ हा शिक्का त्याच्या कपाळी बसतो.

हे कार्य आपल्याकडे नवे नाही. मुंबईत ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ साली निघाली. पुण्यात मतिमंद मुलांसाठी ‘कामायनी’ १९६४ साली सुरू झाली. आज तर कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ज्याचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत गरजेप्रमाणे लेखनिक व जादा वेळ मिळतो. हे कोणाचे उपकार नव्हेत.

परंतु कायदा मुलाला हाताला धरून शाळेत नेत नाही. रोजंदारी करणाऱ्या आईने मुलाला पोहोचवावयाचे, परत आणावयाचे, म्हणजे घरातली एक मजुरी बुडते. शिक्षण मोफत असूनही मूल घरी राहते ते येथे. म्हणून संघापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, कुटुंबनोंदीच्या पुस्तिकेत प्रत्येक मुलाचे नाव यावे, एकही गाळले जाऊ नये. दुसरी, शिष्यवृत्ती-निधीतून काही रक्कम अशा मुलांच्या प्रवासखर्चासाठी व सोबतीसाठी राखून ठेवावी. तिसरी, अपंगत्वाचा दाखला व ओळखपत्र काढण्यासाठी आपल्या सुशिक्षित तरुणांनी पालकांबरोबर सरकारी रुग्णालयात जावे. कारण खिडक्या-खिडक्यांवर एकटा बाप थकून जातो.

वधूवर पाहणाऱ्या मंडळींनाही एक विनंती. ज्या घरात असे मूल उजळ माथ्याने वाढते आहे, ते घर खोट नव्हे, संस्कार दाखवीत असते. सोयरिकीसाठी याहून चांगले घर मी तरी पाहिलेले नाही.

या सूचनांवर कार्यकारी मंडळाने याच वर्षी विचार करावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.