जबड्याला दार कुठलं?

शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची परंपरा. आत कोण, काय, रस्त्यावरून दिसतं. जबडा मात्र बंद घर! दात पडला, भाकरी चावेना, की हाडात टायटॅनियमचा खुंट बसवून त्यावर दात चढवतात. १९६५ साली स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी असा उपचार प्रथम केला. खालच्या जबड्यात ओठाच्या संवेदनेची नस असते. तिला इजा झाली तर ओठ बधिर होतो. म्हणून आता क्ष-किरणांच्या त्रिमिती चित्रावरून खुंटाची जागा आणि खोली संगणकावर ठरवतात. त्याबरहुकूम साचा करून त्यातूनच भोक पाडतात. पण तंबाखू न सोडल्यास, साखर आटोक्यात नसल्यास चांगला बसवलेला खुंटही निकामी होऊ शकतो. तेव्हा होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा: ‘माझ्या चित्रात नस कुठे आहे?’