क्यूबाच्या प्रांतांतून : एका पिकाची कहाणी

(साखर कारखान्याच्या परिसरातील एका सार्वजनिक ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी कॅरिबियन समुद्रातील क्यूबा या बेटाची मी निवड केली, तेव्हा आपल्या कार्यवाहांनी सहज विचारले, "साहेब, इतक्या दूरच्या देशाशी आपल्या गावाचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या नोकरीतच आहे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात माझी नेमणूक झाली. गळीत हंगामाचा शुभारंभ, उसाचा भाव, ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची शाळा यांविषयीची वृत्ते दरवर्षी लिहिता लिहिता ऊस या पिकाविषयी वाचण्याची मला गोडी लागली, आणि त्या वाचनात क्यूबाचे नाव पुनःपुन्हा येऊ लागले. मी त्या देशी प्रत्यक्ष गेलेलो नाही. ग्रंथ आणि नकाशे हीच माझी प्रवासाची साधने. आज त्या नकाशावरूनच आपण क्यूबाच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत जाऊ.

देश आणि त्याचे प्रांत

क्यूबा हे कॅरिबियनमधील सर्वांत मोठे बेट होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख १० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहून थोडे अधिक. लांबी मात्र सुमारे साडेबाराशे किलोमीटर. २०१२ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती. पुढे अनेक लोक देश सोडून गेल्यामुळे ती घटली आहे. स्पॅनिश राजवटीत बेटाचे सहा प्रांत होते. १९७६ मध्ये त्यांचे चौदा झाले आणि २०११ पासून पंधरा प्रांत व एक विशेष नगरपालिका असलेले लहान बेट अशी रचना अस्तित्वात आली.

१४९२ मध्ये कोलंबस या बेटावर उतरला. पुढे स्पॅनिश वसाहतवाल्यांनी येथे ऊस आणला. साखरेला स्पॅनिश भाषेत 'असुकार' म्हणतात. हा शब्द अरबी व फारसी भाषांतून प्रवास करीत तेथवर पोहोचला असला, तरी त्याचे मूळ आपल्या संस्कृत 'शर्करा' या शब्दात आहे, हे ऐकून आपणास कौतुक वाटेल.

पश्चिमेकडील प्रांत

पिनार देल रिओ हा अगदी पश्चिमेचा प्रांत. येथील विन्यालेस खोऱ्यात तांबड्या मातीच्या सपाट शेतांतून चुनखडीच्या गोलाकार टेकड्या एकदम उभ्या राहिलेल्या दिसतात. त्यांना 'मोगोते' म्हणतात. जगप्रसिद्ध क्यूबन चिरूट ज्या तंबाखूपासून होतात, ती या प्रांतात पिकते. येथे अजूनही बैलांच्या नांगराने शेत नांगरले जाते आणि गवताने शाकारलेल्या उंच कोठारांत तंबाखूची पाने वाळविली जातात. १९९९ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारशाचा मान दिला.

राजधानी हवाना हा स्वतंत्र प्रांत आहे. १५१९ पासून आजच्या जागी वसलेल्या या नगराच्या बंदरात अमेरिका खंडातील सोने-चांदी घेऊन स्पेनकडे जाणारी जहाजे एकत्र येत. त्यांच्या रक्षणासाठी बांधलेले किल्ले, त्यांतील एल मोरो हा खाडीच्या मुखावरील किल्ला, समुद्राच्या कडेने जाणारा मालेकोन हा कित्येक किलोमीटरांचा रस्ता आणि जुन्या पेठेतील चौक हे पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. जुने हवाना १९८२ पासून जागतिक वारसा आहे. मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी तेथील हॉटेलांचेच उत्पन्न वापरण्याची योजना नगर-इतिहासकार एउसेबिओ लेआल यांनी १९९० नंतरच्या दशकात राबविली. वारसा जतन करू इच्छिणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने ती अभ्यासावी.

हवानाला लागूनच मायाबेके प्रांत आहे. १८३७ मध्ये हवाना ते बेहुकाल ही आगगाडी सुरू झाली. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी १८५३ मध्ये धावली, म्हणजे क्यूबातील गाडी तिच्याही सोळा वर्षे आधीची. एवढेच नव्हे, तर राज्यकर्त्या स्पेनमध्येसुद्धा त्या वेळी आगगाडी नव्हती. मग मांडलिक बेटावर ती इतक्या लवकर का आली? प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे, तर मळ्यांतील साखर लवकर बंदरावर पोहोचावी म्हणून! या देशाच्या नकाशावरील अनेक रस्ते, बंदरे व नगरे यांचे मूळ शोधू गेल्यास ते असेच उसाच्या फडात सापडते.

साखरेचे खोरे

अठराव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे सर्वांत मोठे उत्पादन शेजारच्या हैतीमध्ये होत असे. १७९१ मध्ये तेथील गुलामांनी उठाव केला आणि ती बाजारपेठ क्यूबाच्या हाती आली. त्यानंतर आफ्रिकेतून लाखो माणसे पकडून या बेटावर आणली गेली. १८४७ पासून करारबद्ध चिनी मजूरही येऊ लागले. पुढील सत्तावीस वर्षांत त्यांची संख्या सव्वा लाखांच्या घरात गेली.

मातान्सास प्रांतात त्रिउन्विरातो नावाचा साखरेचा कारखाना होता. १८४३ मध्ये तेथील गुलामांनी बंड केले. त्या बंडाच्या पुढाऱ्यांत कार्लोता नावाची स्त्री होती. आज त्या ठिकाणी तिचे स्मारक आहे. याच प्रांतात वारादेरो हा पांढऱ्या वाळूचा प्रख्यात समुद्रकिनारा आहे. पूर्वी तो धनिकांच्या बंगल्यांसाठी प्रसिद्ध होता. क्रांतीनंतर १९६१ मध्ये साक्षरता मोहीम निघाली, तेव्हा खेड्यापाड्यांत शिकविण्यासाठी जाणाऱ्या हजारो किशोरवयीन मुलामुलींचे प्रशिक्षण येथेच झाले. हातात कंदील आणि पिशवीत पुस्तक घेऊन गेलेल्या या मुलांनी एका वर्षात देशातील निरक्षरतेचे प्रमाण सुमारे तेवीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले. प्रांताच्या दक्षिणेस सापाता ही कॅरिबियनमधील सर्वांत मोठी पाणथळ भूमी असून, जगातील सर्वांत लहान पक्षी, म्हणजे मधमाशीएवढा भासणारा गुंजन पक्षी, तेथे आढळतो.

पुढे सिएनफुएगोस हे १८१९ मध्ये फ्रेंच वसाहतवाल्यांनी वसविलेले नेटके बंदर लागते. व्हिया क्लारा प्रांतातील सांता क्लारा येथे १९५८ च्या डिसेंबरात निर्णायक लढाई झाली. त्या लढाईचे नेते चे गव्हेरा यांची समाधी तेथेच आहे. क्रांतीनंतर अवघ्या काही महिन्यांत, १९५९ मध्ये, गव्हेरा भारतभेटीस आले होते, याचे येथे स्मरण होते.

सांक्ती स्पीरितुस प्रांतातील त्रिनिदाद हे नगर १५१४ चे. याच नावाच्या वेगळ्या बेटाशी त्याची गल्लत करू नये. गोट्यांची फरसबंदी असलेले रस्ते, लोखंडी गजांच्या उंच खिडक्या, रंगीत भिंती असे हे नगर फार देखणे आहे. पण ते इतके देखणे कशामुळे झाले, हे पाहायचे असेल तर जवळच्या 'साखर कारखान्यांच्या खोऱ्यात' जावे लागते. एके काळी तेथे पन्नासांहून अधिक कारखाने चालत. मानाका इस्नागा या मळ्यावर सुमारे ४५ मीटर उंचीचा, सात मजल्यांचा मनोरा आजही उभा आहे. त्यावरून मालकाचे लोक फडातील गुलामांवर नजर ठेवीत आणि वरच्या घंटेच्या ठोक्यावर गुलामांचा दिवस सुरू होई व संपे. नगर आणि खोरे यांना १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा देताना युनेस्कोने दोहोंची नोंद एकत्रच केली आहे, हे मला अतिशय उचित वाटते. वाड्याचे कौतुक करताना तो कोणाच्या घामातून उभा राहिला, याचा विसर पडू नये.

पूर्वेकडील प्रांत

कामागुएय येथे पाण्याचे दुर्भिक्ष असे. म्हणून लोक मातीचे प्रचंड रांजण करून त्यांत पागोळ्यांचे पाणी साठवीत. हे रांजण आज त्या शहराची ओळख बनले आहेत. वाकड्यातिकड्या गल्ल्यांचे हे जुने शहरही २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

ग्रान्मा प्रांतात, मान्सानियो या गावाजवळ, ला देमाहागुआ नावाचा साखर कारखाना होता. १० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याचे मालक कार्लोस मान्वेल दे सेस्पेदेस यांनी कारखान्याची घंटा वाजविली, आपल्या गुलामांना मुक्त केले आणि स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले. इस्नागाच्या मनोऱ्यावरील घंटा माणसांना कामावर जुंपण्यासाठी होती. ही घंटा त्यांना मोकळे करण्यासाठी वाजली. स्पॅनिश सैन्याने तो कारखाना उद्ध्वस्त केला. आज त्याच्या गंजलेल्या चाकांमधून एक झाड वाढलेले दिसते, आणि ती घंटा राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेली आहे. गुलामगिरी मात्र कायद्याने संपण्यास १८८६ साल उजाडावे लागले.

सांतियागो दे क्यूबा हे संगीताचे आणि उठावांचे नगर. खाडीच्या मुखावरील तेथील किल्ला १९९७ पासून आणि आसपासच्या डोंगरांतील जुन्या कॉफीमळ्यांचे अवशेष २००० पासून जागतिक वारसा आहेत. जवळच सिएरा माएस्त्रा पर्वतरांग असून, तिच्यातील तुर्किनो हे १,९७४ मीटर उंचीचे शिखर देशात सर्वोच्च आहे. शेवटच्या ग्वांतानामो प्रांतात बाराकोआ हे १५११ मध्ये वसलेले देशातील पहिले स्पॅनिश नगर आहे. कोकोच्या बागा आणि घनदाट अरण्ये यांनी वेढलेल्या या नगरास डोंगरातून पक्का रस्ता मिळाला, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत तेथे मुख्यतः समुद्रमार्गेच जावे लागे. याच प्रांताच्या किनाऱ्यावर १९०३ पासून अमेरिकेचा नाविक तळ आहे.

एकाच पिकाचा आधार

मित्रहो, बेटाचे दुसरे टोक आले. आता थोडा हिशेब मांडू. स्पेनची सत्ता गेल्यावर क्यूबाची साखर प्रामुख्याने अमेरिकेने घेतली. १९६० मध्ये अमेरिकेने ती घेणे थांबविले, तेव्हा सोव्हिएत संघ ग्राहक झाला. ग्राहक बदलला, पीक तेच राहिले. जुन्या क्यूबात तोडणीचा हंगाम संपला की मजुरांच्या हाताला कित्येक महिने काम नसे. त्या दिवसांना ते 'मृत काळ' म्हणत. कोयता हाती घेऊन गाव सोडणाऱ्या आपल्या माणसांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

१९७० मध्ये एक कोटी टन साखरेचा संकल्प सोडण्यात आला. कचेऱ्यांतील व शाळांतील माणसेही फडात उतरली. सुमारे ८५ लाख टन साखर निघाली. तो त्या देशाचा विक्रम होता; पण संकल्प अपुरा राहिला आणि इतर उद्योगांची घडी विस्कटली, ती वेगळीच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि हक्काचा ग्राहक गेला. २००२ मध्ये देशातील १५६ कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे बंद करण्याचा निर्णय झाला. त्या वेळी काम गेलेल्या अनेक कामगारांना वेतन देऊन पुन्हा वर्गात बसविण्यात आले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. २०२२-२३ च्या हंगामात सारे उत्पादन साडेतीन लाख टनांच्या आसपास उतरले. तुलनेसाठी सांगतो, २०२१-२२ च्या हंगामात एकट्या महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर तयार केली. ज्या देशाने जगाला साखर पुरविली, त्याच्यावर साखर आयात करण्याची वेळ आली.

साखरेची जागा पर्यटनाला देण्याचा प्रयत्न झाला. २०१८ मध्ये सुमारे ४७ लाख प्रवासी आले. पुढे महामारी आली, अमेरिकेचे निर्बंध कडक झाले, आणि २०२४ मध्ये ही संख्या २२ लाखांपर्यंत खाली आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात संपूर्ण देशाची वीज एकाच वेळी गेली. एक आधार सुटला म्हणून दुसरा धरला. पण पुन्हा एकच धरला. या साऱ्या काळात मोठी सोबत केली ती एका लहान गोष्टीने. १९९१ नंतरच्या टंचाईत हवानाच्या मोकळ्या जागांत लोकांनी भाजीपाल्याचे वाफे घातले आणि शहराने आपली भाजी बऱ्याच अंशी स्वतः पिकविली.

आपल्यापुरता बोध

आपली आणि क्यूबाची स्थिती एकसारखी आहे, असे मी म्हणणार नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यालाच कारखान्याचा मालक केले. मनोऱ्यावरून नजर ठेवणारा मालक आणि भागधारक शेतकरी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तथापि, पाणी, बाजार आणि राबणारे हात ही तिन्ही एकाच पिकाच्या स्वाधीन केली, तर काय होते, हे क्यूबाचा नकाशा सांगतो. आपल्या विहिरींची पातळी आणि आपल्या ऊसतोडणी कामगाराचे उद्याचे काम, या दोन गोष्टींचा विचार गळीत हंगाम जोरात असतानाच व्हावयास हवा. हंगाम बुडाल्यावर केलेला विचार महाग पडतो.

म्हणून एकच विनंती करतो. या गावाबाहेर दरवर्षी तोडणी कामगारांची खोपटी उभी राहतात. आपल्या ग्रंथालयाची एक पेटी हंगामापुरती तेथे जावी आणि आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथील मुलांसाठी द्याव्यात. कंदील घेऊन निघालेल्या त्या मुलांचे वय तुमच्याहून फारसे वेगळे नव्हते. हे काम आपण मनावर घेतलेत, तर इतक्या दूरच्या देशाशी आपला संबंध काय, या कार्यवाहांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे मी समजेन.